दूरध्वनीच्या लाईनींचे गट आणि कॉलचा हिशेब

रुग्णालय असो, वीज कार्यालय असो वा अग्निशमन केंद्र. बाहेरच्या फलकावर दूरध्वनीचा बहुधा एकच क्रमांक लिहिलेला असतो. त्या एका क्रमांकामागे मात्र दहा, वीस किंवा तीस लाईनी उभ्या असतात. त्यांपैकी कोणती लाईन कोणत्या कामासाठी, किती वेळ वापरली गेली, किती लोकांचा फोन लागला आणि किती जणांना ‘एंगेज’चा स्वर ऐकून फोन ठेवावा लागला, याचा हिशेब ठेवण्याचे एक स्वतंत्र शास्त्र आहे. ते शतकाहून अधिक जुने आहे. या शास्त्रातील पहिली आणि बहुतेक वेळा दुर्लक्षित राहणारी पायरी म्हणजे लाईनींची तर्कसंगत गटरचना.

महिन्याच्या अखेरीस वरिष्ठांसमोर जाणाऱ्या अहवालात ‘आलेल्या कॉलपैकी इतके टक्के कॉल उचलले’ असे एक वाक्य असते. ते वाक्य अक्षरशः खरे असूनही परिस्थितीचे चित्र उलटे दाखवू शकते. कोणत्या लाईनी एकत्र धरून ही टक्केवारी काढली, यावर तिचा अर्थ ठरतो.

लाईन, ट्रंक आणि गट

दूरसंचार कंपनीच्या एक्स्चेंजमधून कार्यालयापर्यंत येणाऱ्या मार्गाला ट्रंक लाईन म्हणतात. कार्यालयातील अंतर्गत यंत्रणा, म्हणजे बोलीभाषेतील ‘ईपीएबीएक्स’, या ट्रंक लाईनींवर आलेले कॉल टेबलाटेबलांवरील एक्स्टेंशनकडे पोहोचवते. पूर्वी प्रत्येक ट्रंक लाईन ही तांब्याच्या तारेची स्वतंत्र जोडी असे. पुढे अंकीय तंत्र आले आणि एकाच जोडणीतून अनेक मार्ग येऊ लागले. भारतात व युरोपात रूढ असलेल्या ‘ई-१’ जोडणीचा वेग सेकंदाला २,०४८ किलोबिट असतो. तिच्यात प्रत्येकी ६४ किलोबिटचे ३२ कप्पे असतात. एक कप्पा कालमेळासाठी आणि एक संकेतांसाठी वापरला जातो. उरलेल्या ३० कप्प्यांतून एकाच वेळी ३० संभाषणे होऊ शकतात. कार्यालये ‘पीआरआय लाईन’ या नावाने जी जोडणी घेतात, ती हीच. आता इंटरनेटवर आधारलेल्या जोडण्यांमध्ये तर कप्पेही उरलेले नाहीत. एका वेळी किती कॉल चालू शकतील एवढीच मर्यादा करारात लिहिलेली असते.

अशा परिस्थितीत ‘गट’ ही वस्तू तारेत किंवा पेटीत शोधून सापडत नाही. तो हेतूने ठरतो. एकाच पीआरआय जोडणीतील ३० मार्गांपैकी दहा मार्ग आपत्कालीन कक्षासाठी, दहा चौकशीसाठी आणि दहा बाहेर जाणाऱ्या कॉलसाठी राखता येतात. उलटपक्षी, दोन वेगळ्या इमारतींत उतरलेल्या दोन जोडण्या एकाच कामासाठी वापरल्या जात असतील, तर त्यांचा गट एकच मानावा लागतो. म्हणूनच अशा गटांना तर्कसंगत गट म्हणतात. ‘येणाऱ्या कॉलला ज्यांपैकी कोणतीही लाईन सारखीच चालेल, अशा लाईनींचा समूह’ ही गटाची सर्वांत सोपी आणि उपयोगी व्याख्या होय.

खुंट्यांपासून संगणकापर्यंत

२८ जानेवारी १८८२ रोजी भारतात टेलिफोन एक्स्चेंजचा औपचारिक आरंभ झाला. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई ही त्याची पहिली तीन शहरे. त्या काळी एक्स्चेंज म्हणजे फळीसमोर बसलेले ऑपरेटर. ग्राहकाने सांगितल्यावर दोरीचे टोक योग्य छिद्रात खोचून ते जोडणी करून देत. किती कॉल झाले याची नोंदही तेच ठेवत. ठरावीक दिवशी प्रत्येक कॉलमागे खुंटी एक घर पुढे सरकवणे ही मोजणीची रीत होती. इंग्रजीत कॉलच्या मोजणीला आजही ‘पेग काउंट’ म्हणतात, ते या खुंटीवरूनच.

अमेरिकेतील अल्मन स्ट्राउजर याने १८९१ मध्ये स्वयंचलित स्विचचे पेटंट मिळवले आणि १८९२ मध्ये इंडियाना राज्यातील ला पोर्ट येथे या तंत्राचे पहिले सार्वजनिक एक्स्चेंज सुरू झाले. या पद्धतीच्या पुढे प्रचलित झालेल्या यंत्रात स्विचचा दांडा दहा पातळ्यांपैकी एकीवर चढे आणि त्या पातळीवरील दहा मार्गांपैकी मोकळा मार्ग शोधे. गट तेव्हा पोलाद आणि पितळेत घडवलेला असे. तो बदलायचा तर तारा उपसून नव्याने बांधाव्या लागत. १९६५ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीतील सकसना येथे संगणकाच्या साठवलेल्या आज्ञावलीवर चालणारे मोठे एक्स्चेंज कार्यान्वित झाले आणि गटरचना तारांतून सुटून आज्ञावलीत आली. भारतात १९८४ मध्ये ‘सी-डॉट’ या संस्थेची स्थापना झाली. तिने विकसित केलेले १२८ लाईनींचे पहिले ग्रामीण एक्स्चेंज १९८६ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील कित्तूर येथे बसवण्यात आले. तेव्हापासून खेड्यातील एक्स्चेंजमध्येही गट बदलणे हे पान्यापकडीचे नव्हे, तर कळफलकाचे काम झाले.

एर्लांग यांचे गणित

या हिशेबाला गणिताचा पाया दिला तो डेन्मार्कचे आग्नर क्रारूप एर्लांग यांनी. १८७८ मध्ये जन्मलेले एर्लांग १९०८ मध्ये कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत रुजू झाले. किती ग्राहकांसाठी किती लाईनी पुरतील, हा कंपनीपुढील प्रश्न होता. लाईनी कमी ठेवल्या तर ग्राहक खोळंबत आणि जास्त ठेवल्या तर भांडवल पडून राही. १९०९ आणि १९१७ मधील शोधनिबंधांत एर्लांग यांनी संभाव्यतेच्या आधारे त्याचे उत्तर दिले. १९२९ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे दूरध्वनीवरील भाराच्या आंतरराष्ट्रीय एककाला त्यांचेच नाव देण्यात आले.

हे एकक समजण्यास कठीण नाही. एक लाईन तासभर अखंड चालू राहिली, तर तिने एक एर्लांग भार वाहिला. एका तासात १०० कॉल आले आणि प्रत्येक सरासरी तीन मिनिटे चालला, तर एकूण ३०० मिनिटे, म्हणजे पाच तास झाले. हा भार पाच एर्लांग. मग पाच लाईनी पुरतील, असे प्रथमदर्शनी वाटते. पण कॉल रांगेत शिस्तीने येत नाहीत. कधी पाच मिनिटांत एकही येत नाही, तर कधी एका मिनिटात सहा येतात. एर्लांग यांच्या सूत्रानुसार पाच एर्लांग भाराला पाचच लाईनी दिल्या, तर शंभरांपैकी सुमारे २८ कॉल अडतात. आठ लाईनी दिल्या तर सात अडतात, दहा दिल्या तर दोनाहून थोडे कमी. हे प्रमाण शंभरात एकाच्या खाली आणायचे तर ११ लाईनी लागतात.

हा हिशेब दिवसाच्या सरासरीवर करायचा नसतो. दिवसातील सर्वाधिक वर्दळीच्या सलग तासाला गर्दीचा तास म्हणतात आणि लाईनींची संख्या त्या तासावरून ठरवली जाते. पहाटे तीन वाजता सर्व लाईनी मोकळ्या होत्या, याचा सकाळी दहाला फोन लावणाऱ्याला काहीच उपयोग नसतो.

दोन गट, एक सरासरी

आता गटरचनेचे महत्त्व एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, एका रुग्णालयात एकूण २० लाईनी आहेत. पाच आपत्कालीन विभागाकडे आणि पंधरा बाह्यरुग्ण विभागाच्या वेळा देणाऱ्या कक्षाकडे. गर्दीच्या तासाला दोन्हीकडे प्रत्येकी १०० कॉल येतात आणि प्रत्येक कॉल सरासरी तीन मिनिटे चालतो. म्हणजे दोन्हीकडे भार सारखाच, पाच एर्लांग.

पंधरा लाईनींच्या गटात जवळजवळ एकही कॉल अडत नाही. पाच लाईनींच्या गटात शंभरांपैकी सुमारे २८ जणांना एंगेजचा स्वर ऐकू येतो. आता अहवाल तयार करणाऱ्याने वीसही लाईनी एकाच गटात टाकल्या तर काय दिसेल? त्या तासात लाईनी सरासरी ४३ टक्केच वापरात होत्या, निम्म्याहून अधिक क्षमता मोकळी होती, असे दिसेल. त्यावरून ‘लाईनी गरजेपेक्षा जास्त आहेत, काही कमी करून भाडे वाचवावे’ असा निष्कर्ष निघू शकतो. अपघातग्रस्ताला घेऊन येणारा नातेवाईक मात्र फोन लावत राहिलेला असतो.

याहून गंभीर बाब पुढे आहे. सर्व लाईनी भरलेल्या असताना येणारा कॉल कंपनीच्या एक्स्चेंजमध्येच परत फिरतो. कार्यालयातील यंत्रणेपर्यंत तो पोहोचतच नाही. त्यामुळे तिच्या नोंदवहीत आपत्कालीन विभागाला १०० नव्हे, तर सुमारे ७२ कॉल आले असेच लिहिले जाते. ते सर्व उचलले गेले असतील, तर अहवाल सांगेल, ‘१०० टक्के कॉल उचलले’. हे विधान खोटे नाही, पण ते फक्त दारापर्यंत पोहोचलेल्यांविषयी आहे.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, अडलेल्या कॉलची गटवार संख्या दूरसंचार कंपनीकडून मागवणे. दुसरा, गटातील सर्व लाईनी एकाच वेळी किती मिनिटे व्यग्र होत्या, हे कार्यालयातील यंत्रणेतून काढणे. कॉल कधीही येऊ शकत असल्याने, तासातील जितके टक्के वेळ गट पूर्ण भरलेला होता, साधारण तितकेच टक्के कॉल अडले असे धरता येते. मात्र हा आकडा गटासाठीच काढायला हवा. वीस लाईनी एकत्र धरल्या, तर सर्व वीस एकाच वेळी भरल्याचा क्षण बहुधा सापडणारच नाही.

या उदाहरणात एकही नवी लाईन न घेता प्रश्न सुटतो, हे लक्षात घेण्याजोगे आहे. दोन्ही गटांना दहा-दहा लाईनी दिल्या, तर दोन्हीकडे शंभरात दोनाहून कमी कॉल अडतात. वीसही लाईनी दोन्ही कामांसाठी खुल्या केल्या, तर हे प्रमाण हजारात दोनावर येते.

एकत्रीकरणाचा लाभ आणि त्याची किंमत

मोठा गट लहान गटांपेक्षा कार्यक्षम असतो, हा एर्लांग यांच्या गणिताचा महत्त्वाचा निष्कर्ष आहे. शंभरात एकापेक्षा कमी कॉल अडावेत या अटीवर पाच एर्लांगच्या दोन स्वतंत्र गटांना ११ आणि ११ अशा २२ लाईनी लागतात. तेच दहा एर्लांग एका गटात आणले तर १८ लाईनी पुरतात. एका गटातील गर्दीच्या क्षणी दुसऱ्या गटातील मोकळी लाईन कामी येते, एवढेच त्यामागचे कारण. पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका यांच्यासाठी ११२ हा सामाईक क्रमांक देशभर आणण्यात आला. त्याचा मुख्य हेतू नागरिकाला एकच क्रमांक लक्षात ठेवावा लागावा हा असला, तरी मार्ग सामाईक झाल्याचा हा लाभही त्यातून मिळू शकतो.

एकत्रीकरणाची एक किंमतही असते. सर्व लाईनी सर्वांसाठी खुल्या झाल्या की साध्या चौकशीचे कॉलही आपत्कालीन कॉलच्या वाटेत उभे राहतात. चतुर्थीच्या आदल्या दिवशी किंवा पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री चौकशीचा भार अचानक वाढला, तर त्याची झळ सर्वांनाच बसते. म्हणून शेवटच्या दोन-तीन लाईनी प्राधान्याच्या कॉलसाठी राखून ठेवण्याची पद्धत आहे. गट सामाईक राहतो, पण मोकळ्या लाईनी ठरावीक संख्येखाली गेल्या की फक्त प्राधान्याचे कॉल स्वीकारले जातात. त्यासाठी दोन्ही प्रकारचे कॉल वेगवेगळ्या क्रमांकांवरून येऊन आरंभीच ओळखता आले पाहिजेत, आणि अहवालातही त्यांची गणना वेगळी राहिली पाहिजे.

लाईनींचा गट आणि माणसांचा गट

लाईन मोकळी असणे आणि फोन उचलणारा माणूस मोकळा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ ही ध्वनिमुद्रित सूचना ऐकत थांबलेल्या व्यक्तीला लाईन मिळालेली असते, माणूस मिळालेला नसतो. या रांगेसाठी एर्लांग यांचे दुसरे सूत्र वापरतात. पाच एर्लांग भार आणि तीन मिनिटांचे सरासरी संभाषण धरले, तर सहा कर्मचारी असताना कॉल करणाऱ्याला सरासरी पावणेदोन मिनिटे थांबावे लागते. सात कर्मचारी असतील तर सुमारे अर्धा मिनिट, आणि आठ असतील तर दहा सेकंद. एका माणसाच्या रजेमुळे प्रतीक्षा तिपटीहून अधिक वाढू शकते, ती अशी.

यावरून एक नियम निघतो. लाईनींचे गट आणि कर्मचाऱ्यांचे गट अहवालात स्वतंत्र ठेवावेत. दोन्ही मिसळले तर नवीन लाईन हवी की नवीन माणूस, हे ठरवता येत नाही. रांगेत थांबलेले कॉल लाईनी अडवून ठेवतात, हेही विसरता येत नाही. माणसे कमी असताना लाईनी अपुऱ्या भासू लागतात आणि लाईनी वाढवल्या की फक्त रांग लांबते. दूरसंचार कंपन्यांच्या ग्राहकसेवा केंद्रांसाठी ‘ट्राय’ने घालून दिलेल्या निकषानुसार किमान ९५ टक्के कॉलना ९० सेकंदांच्या आत प्रत्यक्ष माणसाने उत्तर द्यावयाचे असते. ही मोजणी माणसांच्या गटाची आहे. केंद्रापर्यंत फोन पोहोचण्याचा निकष त्याच नियमावलीत वेगळा दिलेला आहे.

गट पाडण्याचे नियम

लाईनींची गटरचना करताना पुढील नियम उपयोगी ठरतात.

पहिला नियम हेतूचा. गट कामावरून पाडावा. इमारत, मजला किंवा बिलाचा क्रमांक यांवरून नव्हे. बिलाच्या सोयीसाठी वेगळी यादी ठेवता येते.

दुसरा नियम दिशेचा. केवळ येणाऱ्या, केवळ जाणाऱ्या आणि दोन्ही दिशांच्या लाईनी वेगळ्या ठेवाव्यात. कार्यालयातून बाहेर जाणारे कॉल येणाऱ्यांच्या लाईनी व्यापत असतील, तर ते गटवार अहवालातच उघड होते.

तिसरा नियम एकनिष्ठतेचा. प्रत्येक लाईन मूळ स्तरावर एका आणि एकाच गटात असावी. एखादी लाईन ‘आपत्कालीन’ आणि ‘रात्रपाळी’ अशा दोन्ही गटांत टाकली, तर तिचे कॉल दोनदा मोजले जातात आणि गटांची बेरीज एकूण संख्येपेक्षा मोठी होते. रात्रपाळी हा खरे तर लाईनींचा गट नाही, तो वेळेचा कप्पा आहे. कशाचे वर्गीकरण लाईनीनुसार आणि कशाचे वेळेनुसार, हे आधी ठरवावे. विभाग, कार्यालय, जिल्हा अशी चढती मांडणी मात्र करता येते, कारण तिथे लहान गट मोठ्या गटात पूर्णपणे सामावतो.

चौथा नियम उरलेल्यांचा. कोणत्याही गटात न बसणाऱ्या लाईनींसाठी ‘अवर्गीकृत’ असा गट ठेवावा आणि तो दर महिन्याला तपासावा. नवीन घेतलेली लाईन गटात टाकायची राहून गेली की तिचे कॉल अहवालातून नाहीसे होतात. हा गट असला तर ते निदान नजरेस पडतात.

पाचवा नियम दिनांकाचा. गट बदलला की बदलाची तारीख नोंदवावी. जूनमध्ये आठ लाईनींचा असलेला गट जुलैमध्ये बारांचा झाला असेल आणि नोंद नसेल, तर दोन महिन्यांची तुलना निरर्थक ठरते.

सहावा नियम वळलेल्या कॉलचा. एक गट भरला की कॉल दुसऱ्या गटाकडे वळवण्याची सोय असते. अशा कॉलची नोंद आधी कोठे आला आणि शेवटी कोठे उचलला गेला, अशा दोन्ही रकान्यांत हवी. केवळ शेवटचा गट नोंदवला, तर पहिल्या गटाची टंचाई झाकली जाते आणि दुसऱ्यावर नसलेला भार दिसतो. तसेच एक कॉल तीन टेबलांवर फिरला तर यंत्रणेत त्याच्या तीन नोंदी होऊ शकतात; त्या एकाच कॉलच्या आहेत हे ओळखण्याची खूण ठेवावी लागते.

गटाच्या आत डोकावणे

गटाचा आकडा चांगला आला म्हणून गटातील प्रत्येक लाईन निरोगी आहे, असे होत नाही. समजा, दहांपैकी एक लाईन बिघडली आहे; तिच्यावर कॉल जोडला जातो आणि दोन-तीन सेकंदांत तुटतो. इतर लाईनी तीन-तीन मिनिटे गुंतलेल्या असतात. ही बिघडलेली लाईन मात्र सतत मोकळी होत राहते. साहजिकच मोकळी लाईन शोधणारी यंत्रणा पुढचा कॉल पुनःपुन्हा तिच्याकडेच पाठवते. दहांपैकी एकच लाईन नादुरुस्त असूनही कॉलचा फार मोठा वाटा तिच्यात वाया जातो. दूरसंचार अभियंते अशा लाईनीला ‘मारक ट्रंक’ या अर्थाच्या नावाने ओळखतात.

गटाच्या एकूण संख्येत हा दोष उलट यशासारखा दिसतो, कारण कॉलची संख्या वाढते. तो पकडण्याची रीत सोपी आहे. गटातील प्रत्येक लाईनीवरील कॉलची संख्या आणि सरासरी कालावधी शेजारी-शेजारी मांडावा. जिथे कॉल पुष्कळ आणि कालावधी अत्यल्प, तिथे बिघाडाचा संशय घ्यावा. जिथे आठवडाभर एकही कॉल नाही, ती लाईन मृत असण्याची शक्यता असते. गटरचना योग्य असेल तरच ही तुलना सार्थ ठरते, कारण एकाच कामाच्या लाईनींवर भारही साधारण सारखा अपेक्षित असतो.

तीन हजार कोटींचा वाद

गटवार आकड्यांवरून केवढा वाद उभा राहू शकतो, हे देशाने २०१६ मध्ये पाहिले. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये रिलायन्स जिओची सेवा सुरू झाली. एका कंपनीच्या ग्राहकाने दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला फोन केला की तो कॉल दोन जाळ्यांमधील जोडबिंदूवरील ट्रंक लाईनींच्या गटातून जातो. हे गट अपुरे असल्याने आपले कॉल मोठ्या प्रमाणावर अडत असल्याची तक्रार जिओने केली. प्रस्थापित कंपन्यांनी ती अमान्य केली.

‘ट्राय’च्या नियमांनुसार अशा जोडबिंदूवर अडणाऱ्या कॉलचे प्रमाण ०.५ टक्क्यापेक्षा, म्हणजे दोनशेत एकापेक्षा अधिक असता कामा नये. येथे महत्त्वाचे हे की ही मर्यादा प्रत्येक स्वतंत्र जोडबिंदूसाठी आहे. सर्व बिंदूंची सरासरी काढून ती पाळल्याचे दाखवता येत नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये ‘ट्राय’ने एअरटेल आणि व्होडाफोन यांना प्रत्येकी १,०५० कोटी आणि आयडियाला ९५० कोटी, असा एकूण ३,०५० कोटी रुपयांचा दंड करण्याची शिफारस केली. हिशेब मंडलनिहाय होता; प्रत्येक मंडलासाठी ५० कोटी. कंपन्यांनी या निष्कर्षाला विरोध केला आणि प्रकरण पुढे अनेक वर्षे चालले. नियमात ‘प्रत्येक जोडबिंदू’ऐवजी ‘सरासरी’ असा शब्द असता, तर वादाचे स्वरूपच बदलले असते.

गटाच्या सीमेचा असाच एक प्रश्न गोव्याच्या वाट्याला आला आहे. दूरसंचाराच्या रचनेत गोवा हे स्वतंत्र मंडल नाही. ते महाराष्ट्र मंडलात मोडते, तर मुंबई मात्र वेगळे मंडल आहे. संपूर्ण राज्याला ०८३२ हा एकच एसटीडी कोड असला, तरी मंडलनिहाय प्रसिद्ध होणाऱ्या आकडेवारीत गोव्याची संख्या महाराष्ट्राच्या कितीतरी मोठ्या संख्येत मिसळून जाते. मंडलाची सरासरी समाधानकारक आली, तरी त्यावरून काणकोण किंवा सत्तरीतील स्थितीविषयी काहीच सांगता येत नाही.

नोंदी आणि खासगीपणा

या सर्व हिशेबाचा कच्चा माल म्हणजे प्रत्येक कॉलची नोंद. त्यात कॉल करणाऱ्याचा क्रमांक, ज्या क्रमांकावर केला तो क्रमांक, आरंभाची वेळ, कालावधी, वापरलेली लाईन आणि कॉलचा शेवट कसा झाला याची खूण असते. महिला मदतवाहिनी किंवा बालकांसाठीची १०९८ ही सेवा यांसारख्या ठिकाणी कोणी फोन केला, हीच माहिती अत्यंत नाजूक असते. गटवार अहवालासाठी मात्र कॉल करणाऱ्याच्या क्रमांकाची गरज नसते. वेळ, कालावधी, लाईन आणि परिणाम एवढे पुरते. देशात २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला आहे. क्रमांक वगळून किंवा झाकून अहवाल तयार करणे हीच सुरक्षित रीत होय.

अहवाल वाचताना

एखाद्या सार्वजनिक कार्यालयाची दूरध्वनी सेवा कशी आहे हे जाणून घ्यायचे असेल, तर ‘किती टक्के कॉल उचलले’ हा एकटा प्रश्न पुरेसा नाही. त्यासोबत पुढील प्रश्न विचारावे लागतात. एकूण लाईनी किती आणि त्यांचे गट कोणते? प्रत्येक गटात किती लाईनी? गर्दीच्या तासाला प्रत्येक गटातील सर्व लाईनी एकाच वेळी किती मिनिटे व्यग्र होत्या? कंपनीकडून अडलेल्या कॉलची संख्या मागवली का? लाईन मिळूनही वाट पाहून फोन ठेवलेले किती? एका गटातून दुसऱ्याकडे वळलेले किती? महिनाभरात एकही कॉल न आलेल्या लाईनी कोणत्या?

२००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यानुसार सरकारी कार्यालयांकडे हे प्रश्न लेखी विचारता येतात आणि सर्वसाधारणपणे तीस दिवसांत उत्तर मिळणे अपेक्षित असते. यांतील कोणत्याही प्रश्नाच्या उत्तरात कोणाचे नाव वा क्रमांक उघड होत नाही. कार्यालयाकडे ही उत्तरे तयार असतील, तर तेथील गटरचना झालेली आहे असे समजावे. नसतील, तर गर्दीच्या तासाला फोन न लागलेल्या नागरिकांची तेथे कोठेच नोंद होत नाही, असा त्याचा अर्थ होतो.